विभागप्रमुखांचा शेरा

माझ्या दचकण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्क काकांचं ऐका.

संशोधनासाठी बाहेरून निधी मागायचा तर अर्जावर आधी विभागप्रमुखांचा शेरा आणि सही लागते, मगच तो विद्यापीठाकडे जातो. शेवटचा दिवस, आणि आमच्या विभागप्रमुख मॅडम रजेवर. मी धावत ऑफिसात गेले.

"काका, आता सही कोणाची?"

"चार्ज कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग घ्या की त्यांची."

मी दचकलेच. "अहो, पण अर्जही माझाच आहे!"

"विभागप्रमुखांची सही हवी, एवढंच नियमात आहे. त्या कोण असू नयेत, हे लिहिलेलं नाही."

'अर्जदाराच्या कामाबद्दल मत' असा रकाना होता. स्वतःची स्तुती कशी करणार? घाबरत लिहिलं, 'काम बरं आहे. प्रयत्न करतील.' खाली सही केली.

काकांनी ते वाचलं आणि कोरा फॉर्म पुढे सरकवला. "असल्या शेऱ्यावर कोण निधी देणार? मॅडम, तुमच्या विभागप्रमुखांना तुमचं काम माहीत नाही वाटतं. जरा भेटून बोला त्यांच्याशी."

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तीन वर्षं मुठा नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करतेय, ते सगळं आठवलं. परत आले आणि ठामपणे लिहिलं, 'या विषयात यांच्याइतकं काम आमच्याकडे कोणीही केलेलं नाही. निधी द्यावा.'

काकांनी शिक्का मारला.

"बघा, नीट सांगितलं की ऐकतात त्या. उगाच घाबरता तुम्ही त्यांना."