माहेरचं नाव

परळच्या बँकेत टोकन धरून बसलेल्या मधुराच्या कानावर शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं पडत होतं. आजींच्या नावावर भलत्याच कुणीतरी कर्ज उचललं होतं.

“शेवंती म्हणून सही ठोकली हो मेल्याने!”

“तक्रार दिली ना? आता दर महिन्याला तुझ्या नावावरच्या कर्जांचा रिपोर्ट बघायचा. आणि पासवर्ड बदललाय मी.”

“परत माझी जन्मतारीखच घातली असणार.”

“नाय गो. कोणाच्या बापाला सुचायचा नाय असा टाकलाय.”

“कसला?”

“तुझं माहेरचं नाव. पुढे आकडे चिकटवलेत.”

“आडनाव?”

“नाव. आपल्या लग्नात तांदळात शेवंती लिहिलं, त्याच्या आधीचं.”

“अगोबाई! लक्षात आहे तुमच्या?”

“चोराने नेलं ते सासरचं. हे माझ्याकडे शाबूत आहे.”

“आई गेल्यापासून त्या नावाने कोणी हाकच मारली नाही. मारा ना एकदा.”

“वेडी का काय? पासवर्ड आहे तो. ही पोरगी ऐकेल.”

“मग कानात मारा.”

मधुरा उठली आणि पार दाराजवळ जाऊन उभी राहिली. तिथवर ऐकू आला तो फक्त आजींचा “ओ”.