चारशे फोटो आणि भिंतीवरचे सर

"तुमची कंपनी खोटारडी आहे, आणि हे मी चारचौघांत सांगतोय!"

कॅमेरा दुरुस्तीच्या रांगेत दुसऱ्या नंबरवर उभ्या असलेल्या बाई हातातल्या लेन्सचं अडकलेलं झाकण विसरूनच गेल्या. पुढचा फोटोग्राफर काउंटरवरच्या माणसासमोर हात आपटत होता.

"साहेब, कॅमेरा ठणठणीत आहे. चोवीस मेगापिक्सेल, सेकंदाला वीस फोटो, वजन जेमतेम चारशे ग्रॅम..."

"वजन काय चाटायचंय? डोळा ओळखून आपोआप फोकस, असं छापलंय ना? मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचे चारशे फोटो काढले. चारशेच्या चारशे फोटोंत सर धूसर!"

"मग फोकस गेला कुठे?"

"मागच्या भिंतीवर! तिथे आधीच्या मुख्याध्यापकांची तसबीर होती. त्यांच्या पापण्यांचे केस मोजून घ्या!"

"म्हणजे डोळा ओळखला की हो त्याने."

"वारून नऊ वर्षं झाली त्या माणसाला!"

"माणूस, प्राणी, पक्षी ओळखतो, एवढंच छापलंय. जिवंत की मेलेला, ते नाही. तुम्ही स्क्रीनवर बघितलं नाहीत?"

"बघत बसायचं तर आपोआपवाला कशाला घेतला? सर काय म्हणाले माहितीये? 'अकरा वर्षं ऐकतोय, आधीचे सर असे नव्हते, आधीचे सर तसे नव्हते. शेवटच्या दिवशी तरी मला दिसू द्यायचंस, बाळा.'"

काउंटरवरचा जरा वरमला.

"एक सेटिंग बदलून देतो. पुढच्या वेळी असं होणार नाही."

"पुढच्या वेळी? अहो, माणूस एकदाच निवृत्त होतो! आता त्यांना परत कामावर घेऊन पुन्हा निवृत्त कोण करणार? तुमची कंपनी? बोला ना!"