आत एक पुढारी हवा

हवालदार: …किती वेळा सांगू, सेक्रेटरीसाहेब? तुम्ही सुटलात. चपला घाला. पुढारी तेवढा कोठडीत राहील.

सेक्रेटरी: पुढारी मीच आहे.

हवालदार: साहेब म्हणाले, पुढारी हा रंगारी.

रंगारी: अहो, आम्ही अराजकवादी. आम्ही पुढारी मानतच नाही.

हवालदार: साहेब तेच म्हणाले. मुरलेला पुढारी असाच बोलतो.

सेक्रेटरी: कारखान्याच्या युनियनमध्ये केस पिकले माझे. सकाळी गेटवर भाषण कोणी ठोकलं?

हवालदार: तुम्ही. म्हणून तर सुटलात. निम्मे लोक चहाला गेले. हा पिंपावर चढून नुसतं "बसा" म्हणाला आणि अख्खा कारखाना रस्त्यात बसला.

रंगारी: "बसायचं का" म्हणालो. विचारलं मी.

सेक्रेटरी: ती निव्वळ उत्स्फूर्तता, हवालदार. तिच्यामागे ना संघटना, ना सिद्धांत. या लोकांत जाणीव पेरली ती माझ्या अभ्यासवर्गांनी.

रंगारी: वर्गाला तिघं यायचे, दादा. त्यात एक मी, एक तुमची बहीण.

सेक्रेटरी: आणि माझ्याच वर्गात बसून तुम्ही तिला पटवलंत, दाजी. मार्क्सवाद अर्ध्यात टाकून दोघं पसार.

रंगारी: कामगारांच्या नावाने पक्ष राज्य करणार, त्या पानावर उठलो आम्ही. मग पुढे राज्यसंस्था आपोआप विरून जाणार म्हणे. हवालदार, तुम्हाला काही कळवलंय का कोणी?

हवालदार: माझी पेन्शन सुरू झाली की विरू दे खुशाल.

सेक्रेटरी: चेष्टा पुरे. उद्या मालकाशी बोलणी आहेत.

रंगारी: तीच तर धास्ती. तुम्ही बाहेर गेलात की पगारवाढ घेऊन याल आणि कामावरून काढलेल्या चौघींना वाऱ्यावर सोडाल. मागच्या संपात त्या दोघांना सोडलंत तसं.

सेक्रेटरी: परिस्थिती पक्व नव्हती.

रंगारी: या चौघींत तुमची बहीण आहे.

सेक्रेटरी: वर्गलढ्यात नाती आणायची नाहीत.

रंगारी: नाती नका आणू. चौघींना कामावर आणा.

सेक्रेटरी: आणि तुम्ही गेलात तर काय दिवे लावणार? मालकाच्या खोलीत खुर्च्या चार.

रंगारी: सगळेच जाऊ. उभे राहू.

हवालदार: ऐका, माझी ड्यूटी संपत आली. साहेबांना आत एक पुढारी हवा. कोणता, याचं त्यांना सोयरसुतक नाही. रंगाऱ्याने माझ्यासमोर म्हणावं, "हे माझे पुढारी." मी अदलाबदल करून टाकतो.

रंगारी: जन्मात कुणाला पुढारी म्हटलेलं नाही मी. बापालासुद्धा.

सेक्रेटरी: त्यांच्या तत्त्वाचा प्रश्न आहे. मी आग्रह नाही करणार. फक्त… निरुपद्रवी म्हणून सुटलो, तर गेटवर तोंड कुठे लपवू?

रंगारी: तात्पुरतं म्हटलं तर?

सेक्रेटरी: चालेल. संक्रमणकाळापुरतं.

रंगारी: तुमचा संक्रमणकाळ संपलेला पाहिलाय का कुणी?

हवालदार: सेक्रेटरीसाहेबांच्या बहीणबाई बाहेर पायरीवर बसून आहेत. त्यांना काय सांगू, तेवढं बोला.

(रंगारी गजांपाशी येतो.)

रंगारी: हे… माझे पुढारी.

सेक्रेटरी: नीट ऐकू नाही आलं.

रंगारी: दादा.

सेक्रेटरी: बरं, बरं.

हवालदार: मला आलं, तेवढं पुरे. चला रंगारी, निघा.

सेक्रेटरी, म्हणजे पुढारी: थांबा, दाजी. उद्या पगारवाढीला भुलू नका. चौघींना परत घेतल्याशिवाय त्या खोलीतून हलायचं नाही.

रंगारी: मागच्या वेळी तर तुम्हीच उठून आलात, दादा.

पुढारी: मागच्या वेळी मी बाहेर होतो.