बटणं शून्यावर, तरी सूंऽऽ

...नाही, शून्य म्हणजे शून्यच ना हो? तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षं मी या कानांवर पोट भरतोय. नाटकाला, जाहिरातीला, नाचाच्या क्लासला ताल हवा असला की लोक माझ्याकडे येतात आणि मी माझ्या जुन्या रिदम मशीनवर बसवून देतो. आठ आवाज, आठ बटणं, प्रत्येकाची वायर वेगळी. मग नुसता ड्रम मागितला तर नुसता ड्रम यायला नको? तर नाही! मागून झांजेची बारीक चिकचिक... भिंतीपलीकडे नवरा-बायको दबक्या आवाजात भांडतायत तशी! झांज पार शून्यावर हो! आणि या सगळ्याच्या खाली अखंड एक सूंऽऽ...

बायको म्हणाली, "मला बाई काहीच येत नाही ऐकू." हिला चार घरं पलीकडची कुजबुज ऐकू येते, आणि सूं येत नाही? मी फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, ट्यूब काढली. दूध नासलं, सासूबाई घामाघूम होऊन माहेरच्या आठवणी काढायला लागल्या... पण सूं काही जाईना!

मशीन उचललं, गेलो डागदरकडे. डॉक्टर नव्हे हो! वायरींना डाग देतो म्हणून डागदर, शाळेपासूनचा दोस्त. त्यानं झाकण उघडलं, "अर्थिंग सुटलंय रे, म्हणून याचं त्याच्यात शिरतंय." तीन दिवस खपला बिचारा. चिकचिक गेली, खोटं कशाला बोलू! पण सूं काही जाईना! एक खेप, दुसरी, तिसरी... चौथ्या खेपेला माझी सटकली. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "हात गेलाय तुझा! कुलूप लाव दुकानाला!"

त्याचा चेहरा एवढासा झाला. हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि टेबलामागं वाकला.

"आवाज येतोय?"

"येतोय!"

"आता?"

"तस्साच येतोय रे!"

त्यानं हात वर केला. हातात मशीनची पिन. भिंतीतून उपटलेली.

...काय सांगू तुम्हाला. मग खऱ्या डॉक्टरांनी मला काचेच्या बंद खोलीत बसवलं. मुंगी चालली तरी कळेल अशी शांतता. आणि तिथं, माझ्या आत, सूंऽऽ. "कानाची नस थकलीये. हा आवाज आता जायचा नाही. सवय करून घ्या." सवय! म्हणजे शांतता म्हणून जे काही असतं, ते मला पुन्हा भेटायचं नाही. शेवटचं कधी ऐकलं तेही आठवेना. आणि बोलायची सोय नाही, कान गेलेल्या माणसाकडून ताल कोण बसवून घेईल?

डागदरची माफी मागायला गेलो. सगळं सांगितलं. त्यानं मानही वर केली नाही. "मला वीस वर्षं येतोय."

"वीस?... अरे, मग मशीन दुरुस्त झालं हे तुला कळतं कसं?"

"गिऱ्हाईक भांडायला आलं नाही, की समजायचं झालं."