फिरत्या मानेचा ब्रश

मानवतच्या हार्डवेअर दुकानात माणिकराव पावशेर खिळे घ्यायला आले होते. पण पुढं उभं असलेलं पेडगावचं जोडपं बोलायला लागलं अन् खिळे गेले खड्ड्यात.

“शेठ, माडीच्या काचा अंगणातूनच धुवायच्यात. लांब दांड्याचा, पाणी सोडणारा ब्रश द्या.”

“हा साधा, बाई. अन् हा फिरत्या मानेचा.”

“साधाच बास हाय, महानंदा.”

“तुमी गप बसा वो! शेठ, मान फिरवली तर घाण पाणी कुठं पडंल?”

“फिरवाल तिकडं.”

“खालच्या खिडकीवर पडंल?”

“पडंल की. पण खालची खिडकी बी तुमचीच आसंल ना?”

“आमची कशाची? वाटणीत माडी आमाला आली, खालचं धाकट्या जाऊबाईला. कालच तिनं काचा पुसून लख्ख केल्यात.”

“महानंदा, हे बरं न्हाई.”

“आन् तिच्या चुलीचा धूर रोज माझ्या माडीत येतो, ते लय बरं हाय? शेठ, फिरताच बांधा.”

माणिकरावांनी तोंडावर उपरणं धरलं.

“बांधतो. पाइप किती फूट देऊ? विहिरीवरच्या मोटरीला जोडावा लागंल.”

बाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा मात्र पहिल्यांदाच हसला.

“मोटर हाय ना, पाव्हणं?”

“हाय की, शेठ. पण वाटणीत ती धाकटीकडं गेली.”

“मग ऱ्हाऊ देऊ का, बाई?”

“ऱ्हाऊ कशाला देता? फिरताच बांधा. आन् साधा बी एक द्या, माझ्या लाडक्या जाऊबाईला.”