दुकानदाराच्या वहीतला पासवर्ड

कॅम्प चार भागातल्या दातांच्या दवाखान्यात द्रौपदीबाई गाल धरून नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी स्वप्नाली आणि प्रीतम ही दोन अनोळखी पोरं लॅपटॉप उघडून भांडत होती. निरोप गुप्त ठेवणारं एक फुकट अ‍ॅप त्यांच्या ग्रुपने बनवलं होतं, आणि ते कसं वापरायचं याचं मराठी पुस्तक दोघांना लिहायचं होतं.

“पहिलं प्रकरण, एन्क्रिप्शन म्हणजे काय.”

“कोण वाचणार ते, प्रीतम? तुझी आई?”

“मग तू काय टाकणार पहिल्या पानावर?”

“पासवर्ड दुकानदाराकडून टाकून घेऊ नका.”

“असं कोण करतं यार?”

“सगळे करतात! नवा फोन घेतला की काउंटरवरच म्हणतात, ‘भाऊ, सगळं चालू करून द्या.’ तो पासवर्ड टाकतो, स्वतःच्या वहीत लिहितो, वरून फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी चिकटवून देतो.”

“त्यात आपल्या अ‍ॅपची काय चूक?”

“माझ्या मावशीने वकिलाला लिहिलेलं सगळं तिच्या नवऱ्याने वाचलं. दुकानदार त्याचा दोस्त!”

“पण निरोपांचं कुलूप, एन्क्रिप्शन, ते तुटलं नाही ना?”

“नाही तुटलं. मावशीचा हात तुटला.”

आतून द्रौपदीबाईंच्या नावाचा पुकारा झाला, तरी त्या उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून फोन काढला, कव्हर सोलून आतली चिठ्ठी स्वप्नालीपुढे धरली.

“पोरी, हा बदलायचा कसा, ते कितव्या पानावर लिवलंय?”