उपरण्याखालची बोटं

नाशिकच्या सीबीएस स्टँडवर नामपूरची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकड्यावरच्या बापलेकीचं बोलणं सविताच्या कानावर पडत होतं, पण तिला काही केल्या उमगत नव्हतं.

“अप्पा, हा कॅमेरा गळ्यात घालायचा, या रंगीत टोप्या बोटांना. बोटं हलवली की भिंतीवर आकडा उमटतो.”

“कोन लिहितं?”

“कोणी नाही. कॅमेरा बोटं ओळखतो.”

“आन् आकडा समद्यांना दिसतो?”

“हो. म्हणून तर बैलबाजारातल्या तुमच्या खुणा हव्यात.”

“मीने, तीस वर्सं दलाली केली. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवला, शेजारच्याला पत्ता लागू दिला नाय. आन् तू ते भिंतीवर लावनार?”

“उद्या कॉलेजात प्रकल्पाची परीक्षा आहे, अप्पा. दाखवायला दुसरं काही नाहीये माझ्याकडे.”

तेवढ्यात नामपूरची गाडी फलाटाला आली.

“अप्पा, गाडी लागली.”

“जाऊ दे ती. हात आन इकडं.”

पिशवी उचलून सविता उठली आणि वळून बघते तर दोघांच्या हातांवर उपरणं पसरलेलं.

“आता कशाला झाकताय? उद्या सगळ्यांना दिसणारच आहे.”

“उद्या दिसू दे. शिकवीन मातुर उपरण्याखालीच.”